चोवीस मुठी मीठ

चंपाक्काने अभिराजवर डूख धरला तो एका वाक्यापायी. त्याने तिला शिवी दिली नव्हती की घराबाहेर काढलं नव्हतं. हसत हसत, अगदी गोड आवाजात तो म्हणाला होता, "मावशी, हात जरा लपव ना लोकांसमोर. जेवताना कसंतरी होतं त्यांना."

झालं. चंपाक्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि गेली ती तिथेच राहिली.

आता तो हात कसला, ते आधी ऐका. चंपाक्का चामराजपेटची. घराणं मराठी, पण बेंगळुरात इतक्या पिढ्या गेल्या की घरात मराठी, दारात कन्नड आणि भांडणात दोन्ही. नवऱ्याची मिरची कांडायची गिरणी होती. लग्नानंतर चौथ्या वर्षी गिरणीच्या पट्ट्यात तिचा उजवा हात सापडला आणि मधली दोन बोटं गेली. अंगठा, त्याच्या शेजारचं बोट आणि करंगळी, एवढ्यावर बाईने संसार केला. बहिणीची नोकरी हुबळीला, म्हणून बहिणीचा अभिराज चौथ्या वर्षापासून दहाव्यापर्यंत तिच्याकडेच वाढला. त्याला भात कालवून घास भरवला तो याच तीन बोटांनी. तेव्हा काही कसंतरी होत नव्हतं मेल्याला! तोंडाचा आ करून आणखी, आणखी करायचा.

गिरणी बंद पडल्यावर चंपाक्का हेब्बाळला एका कोरियन म्हातारीकडे कामाला लागली. म्हातारीचा मुलगा तिथल्या एका कंपनीत इंजिनियर होता. म्हातारी घरीच रांधायची आणि कंपनीतले दहा-पंधरा कोरियन लोक संध्याकाळी तिच्याकडे जेवायला यायचे. सगळे तिला हाल्मोनी म्हणत, म्हणजे आजी. चंपाक्का गेली भांडी घासायला, मग भाजी चिरायला बसली आणि बघता बघता अकरा वर्षं तिथेच राहिली.

किमची शिकली ती तिथे. किमची म्हणजे काय, तर कोबीचं आंबवलेलं लोणचं म्हणा. लांबट कोबीचे गड्डे उभे चिरायचे, पानापानांत जाडं मीठ चोळून रात्रभर ठेवायचे, सकाळी तीन पाण्यांनी धुऊन पिळायचे. मग तांदळाची पेज, तिखट, लसूण, आलं आणि माशाचं खारं पाणी असा लालभडक मसाला पानापानांना माखायचा आणि सगळं मातीच्या बरणीत दाबून बसवायचं. त्या बरणीला ते लोक ओंगी म्हणतात. ऐकायला सोपं आहे. करून बघा म्हणजे कळेल.

चंपाक्काचं पहिल्या चार वेळा सगळं नासलं. हाल्मोनी दहा गड्ड्यांना बारा मुठी मीठ घालायची, म्हणून हिनेही बाराच घातल्या, आणि आठवड्यात कोबी बुळबुळीत होऊन वास मारायला लागला. पाचव्या वेळी म्हातारीने चंपाक्काचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. उलटासुलटा करून नीट पाहिला. त्यात मीठ भरून मूठ मिटायला लावली. बोटं नव्हती त्या फटीतून निम्मं मीठ घळाघळा खाली गेलं. उरलेलं म्हातारीने स्वतःच्या तळव्यावर घेतलं, त्याचा अंदाज घेतला आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली, "माझी मूठ मोजू नको. तुझी शोध."

चंपाक्काने शोधली. दहा गड्ड्यांना चोवीस मुठी. त्यानंतर तिची किमची अशी जमली की कंपनीतले सगळ्यांत वडील पार्क साहेब पहिला घास घेऊन हाल्मोनीच्या तोंडावर विचारायचे, "आज इमोने केलीय ना?" इमो म्हणजे मावशी. त्यांच्याकडे खानावळीत प्रेमाने रांधून वाढणाऱ्या बाईला मावशीच म्हणतात. परका माणूस, परक्या मुलखातला, पण किती मानाने हाक मारायचा!

पुढे हाल्मोनी मायदेशी गेली. जाताना सहाच्या सहा ओंग्या चंपाक्काला देऊन गेली. तेवढ्यात अभिराज हॉटेलचं शिक्षण संपवून आला. "मावशी, तुझा हात आणि माझं डोकं. आपण दोघं मिळून काढू," असं म्हणाला. कम्मनहळ्ळीत जागा घेतली, नाव ठेवलं 'हाल्मोनी', पाच ओंग्या तिकडे गेल्या. एक चंपाक्काने घरी ठेवली, सवयीने. दोन वर्षं ती पहाटे साडेपाचला पोचायची आणि कोणी यायच्या आत मिठाचं काम एकटीने उरकायची. अभिराज उगवायचा अकराला. संध्याकाळी मात्र ती किमचीची वाटी स्वतः टेबलावर नेऊन ठेवायची, कारण ज्याने केलं त्याने वाढावं, ही हाल्मोनीची रीत.

असंच एकदा वाढताना फोनवर जेवणाचं शूटिंग करणाऱ्या कुण्या पोरीने तिचा हात पाहून नाक मुरडलं. तर हा शहाणा त्या पोरीला काही बोलला नाही. स्वयंपाकघरात येऊन मावशीला म्हणाला, हात लपव.

पुढच्याच आठवड्यात भिंतीवर भलामोठा फोटो लागला. ओंग्यांवर हात ठेवून अभिराज उभा, खाली इंग्रजीत लिहिलेलं, हाल्मोनीच्या हाताखाली तयार झालेला शेफ. हाल्मोनीला त्याने उभ्या आयुष्यात दोनदा पाहिलं होतं, आणि दोन्ही वेळा मावशीला न्यायला येऊन दारात चप्पल घालूनच उभा होता. फोटो लागला त्याच दिवशी तो म्हणाला, "मावशी, आता तू दमलीस. घरी बस, आराम कर. फक्त सगळं वहीत लिहून दे. मी करीन."

गरज सरो, वैद्य मरो!

चंपाक्का म्हणाली, "सरी." म्हणजे बरं. एवढंच म्हणाली.

त्या रात्री जेवणं आटोपल्यावर ती वही घेऊन बसली आणि सगळं लिहिलं. कोबी कसा निवडायचा ते लिहिलं. रंगासाठी निम्मं तिखट ब्याडगी मिरचीचं घालायचं, ही स्वतःची युक्तीसुद्धा लिहिली. मग लिहिलं, 'दहा गड्ड्यांना मीठ चोवीस मुठी.' आणि पेन थांबलं. पुढे दोन शब्द लिहायला हवे होते, माझ्या हाताच्या. तिने आपल्या हाताकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग पुढची ओळ लिहायला घेतली, 'रात्रभर ठेवणे, तीन पाण्यांनी धुणे.'

खोटं एक अक्षर लिहिलं नाही तिने. पण तिला ठाऊक होतं की आपण काय करतोय, आणि तिला त्याची लाज वाटली नाही. वाईट वाटलं ते फक्त कोबीचं.

मग ती थांबली. आपल्या माणसावर उट्टं काढायचं तर घाई करून चालत नाही. तिने भरून ठेवलेल्या ओंग्या पाच-सहा आठवडे पुरणार होत्या, आणि त्या संपायच्या सुमारास काय येणार होतं ते तिला शिवलीलाकडून कळत होतं. ही शिवलीला मूळची निपाणीकडची, 'हाल्मोनी'त वाढायचं काम करायची. कोबी धुवायला चंपाक्काच्या हाताखाली दोन वर्षं होती. दर दोन दिवसांनी तिचा फोन यायचा.

"अक्का, अभिसरांनी व्हिडिओ काढला. स्वतः मीठ चोळताना. निसता हातच हात दावलाय. तुम्ही बघितला काय?"

चंपाक्काने बघितला होता. चांगला तीनदा. रुंद पंजा, सगळी बोटं शाबूत, एका बोटात चांदीची अंगठी. राजाने दान द्यावं तशी गच्च मूठ भरायची आणि कॅमेऱ्यासमोर सावकाश सोडायची. एक, दोन, तीन... चोवीस मोजल्या चंपाक्काने. शेवटच्या मुठीला तिने टाळी वाजवली, तशी आतल्या खोलीतून मुलगी ओरडली, "काय झालं गं?" "काही नाही, डास," चंपाक्का म्हणाली.

पंधरा दिवसांनी खुद्द अभिराजचा फोन आला. "मावशी, वहीत लिहिलंय तेवढंच ना मीठ? चाखून बघितलं, स्वल्प जास्त वाटतंय."

"वहीत एक अक्षर खोटं नाही, अभी. देवाची शपथ."

"मग ठीक. मुरलं की उतरेल."

आता हे ऐका. लिंबाचं लोणचं मुरलं की खारटपणा उतरतो, हे चामराजपेटच्या कुठल्याही मराठी घरातलं शेंबडं पोर सांगेल. अभिराज त्याच घरात वाढलेला. पण किमची म्हणजे लिंबाचं लोणचं नव्हे. मीठ बेतात असेल तरच ती आंबते. मीठ डोक्यावरून गेलं की आंबणंच थांबतं आणि कोबी महिनाभर ठेवला तरी तसाच कडूखार राहतो. चंपाक्काला हे सांगता आलं असतं. जिभेच्या टोकावर होतं. पण तिने मूग गिळले आणि विचारलं, "जेवलास का वेळेवर?"

मग शिवलीलाने मुख्य बातमी दिली. पार्क साहेब आता कंपनीत सगळ्यांत मोठ्या हुद्द्यावर पोचले होते. हेब्बाळला कंपनीची नवी इमारत उठली होती, आणि तिच्यात खालच्या मजल्यावर 'हाल्मोनी'ची दुसरी शाखा काढायची अभिराजची धडपड चालली होती. शनिवारी संध्याकाळी पार्क साहेब वीस माणसं घेऊन जेवायला येणार होते. जेवण पसंत पडलं की जागा अभिराजची. नवी ओंगी त्यांच्यासमोरच उघडायची, असं त्याने ठरवलं होतं. चंपाक्काने केलेली शेवटची ओंगी गुरुवारीच खरवडून झाली होती.

चंपाक्काला ती जागा नको होती, पैसा नको होता. तिला एकच हवं होतं. पार्क साहेबांच्या भरल्या पंगतीत अभिराजचं नाक कापलं जावं, आणि चव कुणाच्या हाताची होती ते त्याच्या तोंडादेखत सगळ्यांना कळावं. मग देवाने नेलं तरी चालेल.

"दिवू," ती मुलीला म्हणाली, "शनिवारी तुझ्या त्या कोरियन जेवणाला जाऊ या आपण. 'हाल्मोनी'त. टेबल सांगून ठेव."

दिव्यश्री हेब्बाळला सॉफ्टवेअरमध्ये होती आणि तिकडच्या सिरियलींनी वेडावलेली होती. ती आईकडे बघतच राहिली. "तू? पाहुणी म्हणून? अभीदादाकडे? भांडायला नाही ना जायचंय?"

"छे गं. जेवायला. दोन वर्षं रांधलं, एकदा बसून खाऊ की नको?"

शनिवारी चंपाक्का हिरवी इरकल नेसली, गजरा माळला आणि पिशवीत एक स्टीलचा डबा ठेवला. घरच्या ओंगीतला. रिक्षा टाउन हॉलच्या पुढे गेली नसेल तोच रिक्षावाल्याने नाक वर केलं. "एनु वासने अम्मा?"

"उप्पिनकायी कणप्पा," चंपाक्का म्हणाली. लोणचं आहे बाबा. दिव्यश्रीने कपाळाला हात लावला.

कम्मनहळ्ळीचा रस्ता संध्याकाळी नुसता उतू जात होता. मोमोच्या गाड्यांवर वाफा, शवर्माच्या दुकानांपुढे रांगा, गोंदण काढून घेणारी पोरं, मणिपूर-नागालँडकडच्या मुली हातात हात घालून चाललेल्या, आणि दोन दुकानांआड कोरियन अक्षरांची गुलाबी पाटी. वरच्या मजल्यावरच्या गाण्याच्या खोल्यांमधून कोणीतरी बेसूर पण अगदी मनापासून ओरडत होतं. चंपाक्का दोन वर्षं इथे यायची, पण मागच्या गल्लीतून. पुढच्या बाजूला एवढी मजा असते, हे तिला आज कळलं. मनात राग असूनही तिला बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

शिवलीलाने त्यांना कोपऱ्यातलं टेबल दिलं. मधोमध निखाऱ्यांची शेगडी, वर धूर ओढणारं नळकांडं. डुकराच्या मांसाचे जाड काप तव्यावर पडले आणि चुरचुरायला लागले. चंपाक्काने कात्री घेऊन त्यांचे तुकडे केले, सॅलडचं पान तळव्यावर घेतलं, त्यात मांस, भाजलेली लसूण, जराशी तिखट चटणी, वरून भाताचं शीत, आणि पुडी वळून मुलीच्या तोंडात घातली.

"आई गं!" दिव्यश्री भरल्या तोंडाने म्हणाली. "अगदी सिरियलमधल्यासारखं."

"सिरियलवाले माझ्याकडूनच शिकले. त्यांच्यातही जवळच्या माणसाला असाच घास भरवतात. खा."

किमचीची वाटी आली, अभिराजनेच केलेली, आत नुकत्याच उघडलेल्या दुसऱ्या ओंगीतली. दिव्यश्रीने चॉपस्टिक्स पुढे केल्या. चंपाक्काने हळूच वाटी बाजूला सारली. "ती राहू दे."

तेवढ्यात अभिराज आला. काळा कोट, छातीवर कोरियन अक्षरांत नाव. मावशीला बघून त्याचं हसू क्षणभर अडखळलं. "मावशी! अगं, आज कशी? सांगून तरी यायचं."

"पाहुण्याने सांगून यावं लागतं होय? दिवूने टेबल घेतलंय."

त्याची नजर तिच्या उजव्या बाजूला गेली. चंपाक्काने ती बरोबर पकडली. "हात पदराखाली आहे हो. घाबरू नको."

"तसं नाही गं मावशी..." एवढं बोलून तो दाराकडे धावला, कारण पार्क साहेब आले होते. केस पांढरे झाले होते, पण चाल तीच, जरा वाकून. सोबत वीस माणसं. लांबलचक टेबलावर मांस चुरचुरायला लागलं, सोजूच्या हिरव्या बाटल्या उघडल्या, पेले भरले. धाकटे थोरांच्या पेल्यात दोन्ही हातांनी दारू ओतत होते आणि स्वतः पिताना तोंड बाजूला वळवत होते. चंपाक्का हे सगळं दिव्यश्रीला समजावून सांगत होती आणि एक डोळा ओंगीवर ठेवून होती.

ओंगी आली. दोघांनी उचलून आणली, खाली दिव्यांची माळ. कोणीतरी फोन वर धरला. अभिराजने झाकण काढलं, हात घातला, लालभडक गड्डा वर काढला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रंग सुरेख आला होता. ब्याडगीचा गुण! त्याने स्वतः पान फाडून पार्क साहेबांच्या ताटलीत ठेवलं, बाकीच्यांपुढे वाट्या गेल्या, आणि तो इंग्रजीत म्हणाला, "सर, हाल्मोनीच्या हाताची चव."

पार्क साहेबांनी घास घेतला. चावला. एकदा, दोनदा. जबडा थांबला. मग त्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि तो रिकामा केला. शेजारच्याने खाल्लं, त्याला ठसका लागला. टेबलाच्या टोकाची मुलगी कागदी रुमाल तोंडाशी धरून मान खाली घालून बसली. ते लोक सभ्य, कोणी काही बोलेना. पण एकेक वाटी हळूहळू टेबलाच्या मधोमध सरकायला लागली. वीसच्या वीस वाट्या. चंपाक्काने सगळ्या मोजल्या. चव बघितल्याशिवायच तिच्या तोंडाला पाणी सुटलं.

"शेफ," पार्क साहेब शांतपणे म्हणाले, "ही कोणी केली?"

"मी स्वतः, सर. हाल्मोनींनी शिकवली तशीच. त्यांच्या हाताखालीच..."

"मी हाल्मोनीकडे अकरा वर्षं जेवलो," पार्क साहेब म्हणाले. "मी तुम्हाला तिथे कधी पाहिलं नाही."

अभिराजच्या कपाळावर घाम आला. शेगडीचा म्हणावा तर तो शेगडीपासून लांब उभा होता.

चंपाक्का उठली. पदर सावरला, डबा घेतला. "आई, कुठे?" दिव्यश्री कुजबुजली. चंपाक्का सरळ लांब टेबलापाशी गेली आणि जरा वाकून हाल्मोनीने शिकवलेला नमस्कार म्हणाली, "आन्न्योंग-हासेयो, पार्क साहेब."

पार्क साहेबांनी वर बघितलं. आधी चेहरा, मग हात. हाताकडे बघताच त्यांचे डोळे चमकले.

"इमो!"

आणि ते ताडकन उभे राहिले. त्यांच्यात रीत अशी की सगळ्यांत वडील माणूस उभं राहिलं की कोणी बसून राहायचं नाही. झालं! खुर्च्या सरकल्या, आणि वीसच्या वीस माणसं उभी राहिली, हातातले घास ठेवून, तीन बोटांच्या त्या हातापुढे. काहींना काही कळलं नव्हतं, तरी उभी राहिली.

चंपाक्काने उजव्या हाताने डबा पुढे केला, डावा हात कोपराखाली टेकवून, मानाने वस्तू द्यायची तसा. झाकण काढल्याबरोबर आंबूस, तिखट, जिवंत वास टेबलावर पसरला. पार्क साहेबांनी एक पान तोंडात घातलं आणि डोळेच मिटले. मग डबा हातोहात टेबलभर फिरला आणि परत आला तेव्हा तळाला नुसता लाल रस राहिला होता. कोणी तोही भातावर ओतून घेतला.

अभिराज आत धावला आणि वही घेऊन आला. तोंड लालेलाल. पाहुण्यांचं भानसुद्धा राहिलं नव्हतं. सगळ्यांसमोर मराठीत ओरडला, "मावशी, तू मला फसवलंस! मी वहीप्रमाणे केलं सगळं. एकूण एक! हे बघ, तुझं अक्षर. चोवीस मुठी. मी मोजून चोवीस घातल्या!"

"व्हिडिओत बघितल्या मी. चोवीसच होत्या."

"मग? मग खारट कसं झालं?"

चंपाक्काने टेबलावरची जाड्या मिठाची वाटी ओढली. उजवा हात तिच्यात बुडवला, मूठ मिटली आणि दिव्याखाली त्याच्या तोंडासमोर धरली. दोन बोटांच्या जागेतून मीठ सरसर खाली गळलं. वहीवर, त्याच्या कोटाच्या बाहीवर, बुटांवर. तिने मूठ उघडली. तळव्यावर निम्मंच उरलं होतं.

"ही मूठ," ती म्हणाली. "अशा चोवीस. सहा वर्षं या हाताने जेवलास. दोन वर्षं या हातावर दुकान चालवलंस. एकदा, नुसता एकदा या हाताकडे नीट बघितलं असतंस ना अभी, तर तुला विचारावंसुद्धा लागलं नसतं."

अभिराजने वही पुढे केली. "अगं पण... वहीत लिहायचं होतंस ना. सांगायचं होतंस."

"तूच म्हणालास ना, हात लपव? लपवला."

 मांस तव्यावर करपत होतं, त्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. पार्क साहेबांनी दिव्यश्रीला विचारलं, ही दोघं काय बोलली? ती आता आईच्या शेजारी येऊन उभी राहिली होती. तिने एक शब्दही न गाळता सगळं इंग्रजीत सांगितलं. हात लपवायची गोष्ट तिलाही आजच कळली होती. पार्क साहेब ऐकत राहिले. मग त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं, अभिराजकडे बघितलं आणि म्हणाले, "हेब्बाळच्या जागेचा विषय आपल्यात संपला. त्याबद्दल मी आता इमोशी बोलेन, तिची इच्छा असेल तर."

अभिराज भिंतीशी टेकला. पाठीमागे त्याचाच फोटो, ओंग्यांवर हात ठेवलेला. मग अगदी लहानपणीच्या आवाजात तो म्हणाला, "मावशी, मग माझ्या किती?"

चंपाक्काला एक क्षण तो चार वर्षांचा दिसला, आ करून बसलेला. तो क्षण तिने जाऊ दिला.

"शोध. माझं चारदा नासलं, तुझं एकदाच नासलंय. आणि त्या ओंग्या सोमवारी घरी पाठव. माझ्या आहेत त्या."

पार्क साहेबांनी तिला आपल्या शेजारची खुर्ची दिली. पेल्यात दोन्ही हातांनी सोजू ओतली. चंपाक्काने तोंड बाजूला वळवून एक घोट घेतला. मग त्यांनी हिरवं पान तळव्यावर घेतलं, त्यात मांसाचा तुकडा, लसूण, डब्यातल्या किमचीचं आपल्या ताटलीत राखून ठेवलेलं शेवटचं पान असं ठेवून पुडी वळली आणि तिच्यापुढे धरली. अभिराज अजून तिथेच उभा होता, बाहीवरचं मीठ झटकायचंही त्याला सुचलं नव्हतं.

चंपाक्काने त्याच्याकडे बघत तोंड उघडलं आणि घास घेतला. मीठ अगदी बेताचं होतं.